मेव्हन प्रकल्पातील युनिट चाचण्या: प्रत्येक मॉड्यूलमध्ये की स्वतंत्र मॉड्यूलमध्ये?

मेव्हन या साधनाने (कोड संकलित करून, तपासून पॅकेज करणारे, म्हणजेच बिल्ड करणारे साधन) बांधलेल्या आणि डोमेन, सेवा आणि वेब अशा तीन मॉड्यूलांत विभागलेल्या जावा वेब अ‍ॅप्लिकेशनच्या युनिट चाचण्या (कोडच्या छोट्या भागांच्या स्वतंत्र चाचण्या) ज्या त्या मॉड्यूलच्या टेस्ट फोल्डरमध्ये ठेवाव्यात, की सगळ्यांसाठी चौथे मॉड्यूल उभारावे, हे सुरुवातीलाच ठरवावे लागते.

चौथ्या मॉड्यूलमध्ये जेयुनिट आणि मॉकिटो ही चाचणीची साधने एकदाच नोंदवावी लागतात, हे खरे. परंतु आवृत्त्यांचा एकसारखेपणा मूळ पॉम फाइलमधील (मेव्हनची प्रकल्प-मांडणी लिहिलेली फाइल) डिपेंडन्सी मॅनेजमेंटनेही, म्हणजे लायब्ररींच्या आवृत्त्या एकाच ठिकाणी ठरवणाऱ्या विभागानेही, साधतो. शिवाय वेब मॉड्यूलचे पॅकेजिंग वॉर (सर्व्हरवर चढवायची संग्रह-फाइल) असेल, तर त्यातील क्लास इतर मॉड्यूलांना आपोआप मिळत नाहीत. वॉर प्लगइनला सांगून त्यांची वेगळी जार (जावा क्लासची संग्रह-फाइल) काढावी लागते. त्याहून गंभीर बाब अशी, की सेवा मॉड्यूलमध्ये चूक असली तरी त्याची बिल्ड यशस्वी दिसते आणि दोष अगदी शेवटी उघड होतो.

चाचण्या ज्या त्या मॉड्यूलमध्ये असल्या, की शुअरफायर हा चाचण्या चालवणारा प्लगइन अपयश तिथेच दाखवतो आणि बिल्ड पुढे सरकत नाही. म्हणून मला हीच रचना योग्य वाटते. तिची खरी अडचण सामायिक नमुना-डेटाची आहे: टेस्ट क्लास मुख्य जारमध्ये जात नाहीत, त्यामुळे ते टेस्ट-जार (चाचणी-क्लासची वेगळी जार) म्हणून द्यावे लागतात. त्याऐवजी या डेटासाठी वेगळे साहाय्यक मॉड्यूल काढले, ते डोमेनवर अवलंबून ठेवले आणि डोमेनच्याच चाचण्यांत वापरले, तर चक्राकार अवलंबन होऊन मेव्हन बिल्ड नाकारतो.

जाकोको या साधनाच्या एकत्रित कव्हरेज अहवालासाठी (चाचण्यांत किती कोड तपासला गेला याचा अहवाल) मात्र वेगळे मॉड्यूल जरूर ठेवावे.