रिक्रूटरचे फोन वाढले, पण कामे? बडोद्यातील एका स्टाफिंग सेवेविषयी

जानेवारीपासून कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्या आयटीतल्या मंडळींना रिक्रूटरचे, म्हणजे कंपन्यांसाठी उमेदवार शोधणाऱ्यांचे, फोन पुन्हा येऊ लागले आहेत आणि बडोद्यातील आमच्या परिचितांत ‘मार्केट उघडलं’ असे बोलले जात आहे. अलकापुरीतील एका लहान स्टाफिंग एजन्सीची, म्हणजे कंपन्यांना कंत्राटी माणसे पुरवणाऱ्या संस्थेची, सेवा मी वर्षभरापासून घेत आहे. पुढे तिच्या काही उणिवाही सांगायच्या असल्यामुळे नाव लिहिलेले नाही. परंतु फोन येणे आणि काम असणे यांतला फरक उमेदवाराला स्पष्ट सांगणारी एजन्सी मला आजवर दुसरी भेटलेली नाही, म्हणून हा अभिप्राय.

एखाद्या कंपनीला जावा डेव्हलपरची एक जागा भरायची असते. ती मागणी कंपनीच्या यादीतील अनेक व्हेंडरांकडे, म्हणजे माणसे पुरवणाऱ्या संस्थांकडे, एकाच वेळी जाते, ते ती आपापल्या उपव्हेंडरांकडे देतात, आणि त्या सर्वांचे रिक्रूटर नोकरीच्या पोर्टलवर तेच शब्द टाकून शोध घेत असल्यामुळे नुकतीच अद्ययावत केलेली तीच ती प्रोफाइल सर्वांच्या समोर येतात. पुण्यातील एका बँकेच्या प्रकल्पासाठी मला नोएडा, हैदराबाद आणि बडोदा येथून लागोपाठ फोन आले. प्रत्येकाने पाठवलेल्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये ‘कुबरनेटीज’ या क्लाउड तंत्रज्ञानाच्या नावाचे स्पेलिंग एकाच पद्धतीने चुकलेले होते आणि अनुभवाविषयीचे एक वाक्य त्याच जागी दोनदा आलेले होते. जागा एकच होती.

त्यांतला बडोद्याचा फोन या एजन्सीचा होता. समन्वयक बाईंनी सुरुवातीलाच क्लायंटचे, म्हणजे जिला माणूस हवा त्या कंपनीचे, नाव सांगितले, आपल्या आणि क्लायंटच्या मध्ये आणखी एक व्हेंडर असल्याचे सांगितले आणि विचारले, “तुमचं प्रोफाइल या जागेसाठी आधी कुणी पाठवलंय का? दोन ठिकाणांहून गेलं की क्लायंट दोन्हीकडचं बाद करतो.” त्यानंतर दर आणि मुदत लिहिलेला संमतीचा ईमेल आला, आणि माझे उत्तर मिळाल्यावरच त्यांनी प्रोफाइल पुढे पाठवले. ही जागा नवीन नसून आधीचा माणूस मध्येच सोडून गेल्यामुळे भरली जात आहे, हेही त्यांनी न विचारता सांगितले. ही माहिती मला सर्वांत मोलाची वाटते, कारण सोडून गेलेल्याच्या जागी माणूस घेणे आणि नवीन प्रकल्पासाठी माणसे घेणे यांचा अर्थ फार वेगळा आहे. फोन मात्र दोन्ही वेळा सारखाच येतो.

बडोद्यात राहणाऱ्यांना या धंद्याची दुसरी बाजूही दिसते. कोलाबेरासारख्या अमेरिकी स्टाफिंग कंपनीचे मोठे केंद्र येथे आहे, तशीच लहानमोठी कार्यालये पुष्कळ आहेत, आणि संध्याकाळी जेवण उरकून अमेरिकेच्या वेळेनुसार रिक्रूटिंगच्या नोकरीला जाणारी मुलेमुली आपल्या मराठी घरांतही आहेत. या धंद्यात कॉल आणि सबमिशन (पुढे पाठवलेली प्रोफाइल) यांचे टार्गेट असते. बाजार मंदावला म्हणून टार्गेट कमी होतेच असे नाही. उलट जागा थोड्या असल्या की त्याच जागेसाठी अधिक लोकांना फोन करावे लागतात. मंदीतही फोन वाढू शकतात, ते यामुळे. शिवाय वर्षाचे बजेट जानेवारीपासून धरणाऱ्या अमेरिकी क्लायंटांच्या मागण्या याच सुमारास निघतात, त्यामुळे आताच्या फोनांची तुलना मागच्या जानेवारीशी करावी, नोव्हेंबर-डिसेंबरशी नव्हे.

तरीही या फोनांना काहीच अर्थ नाही, असे मी म्हणणार नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएसची कर्मचारीसंख्या १३,२४९ ने आणि इन्फोसिसची जवळपास २६,००० ने घटली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० च्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. अशा काळात कायमची भरती करण्याचे धाडस होत नाही, पण अडलेले काम तर करून घ्यावेच लागते. म्हणून बाजार सुधारू लागला की पहिली मागणी बहुधा कंत्राटी माणसांनाच येते. ती खरोखर आली आहे का, हे मी तीन गोष्टींवरून पाहतो: मुलाखतीची तारीख ठरते का, कामाची मुदत किती आहे आणि दर वाढला आहे का. या एजन्सीकडे पूर्वी बहुतेक कामे तीन महिन्यांची असत, आता सहा महिन्यांची येऊ लागली आहेत, आणि डेटा इंजिनिअरिंग व क्लाउडच्या जागांना मुलाखतीची तारीख आठवडाभरात मिळते. दर मात्र जागचा हललेला नाही. मॅन्युअल टेस्टिंगसाठी फोन येतात, पण मुलाखतीपर्यंत फारसे काही पोहोचत नाही. म्हणून बाजार सुधारला असे मी म्हणणार नाही. काही कौशल्यांपुरता हलला आहे, एवढेच म्हणेन.

आता उणिवा. वरच्या व्हेंडरकडून पैसे आल्याशिवाय एजन्सी आम्हा कंत्राटी माणसांचे बिल चुकते करत नाही, आणि त्याला दीड महिना सहज लागतो. ज्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर आहे आणि बिलावर १८ टक्के जीएसटी आकारावा लागतो, त्यांना ही दिरंगाई अधिक जाचते, कारण कर भरण्याची तारीख बिलाचे पैसे येईपर्यंत थांबत नाही. टीडीएसचे (बिलातून आधीच कापलेल्या कराचे) प्रमाणपत्र दर तिमाहीला आठवण करून मागावे लागते. मुलाखतीनंतर नकार आला तर कारण कळत नाही. येथे दोष बराचसा क्लायंटचा असला, तरी एजन्सीने पाठपुरावा करायला हवा. उमेदवाराकडून एक रुपयाही घेतला जात नाही, ही गोष्ट मात्र आवर्जून नोंदवतो.

सात-आठ वर्षांचा अनुभव आणि दोन महिन्यांचा खर्च भागेल इतकी शिल्लक असलेल्यांनी या सेवेकडे नाव नोंदवायला हरकत नाही. नवोदितांसाठी येथे सध्या कामे नाहीत, आणि एजन्सी तसे पहिल्याच फोनवर सांगते.