लॅपटॉप दुरुस्तीला देताय? 'बोर्ड गेला' म्हणाले की जरा थांबा

नागपूरच्या बर्डीतल्या एका दुकानाने लॅपटॉप दुरुस्तीचे माझ्याकडून १०,३०० रुपये घेतले. त्यातले ६,५०० मदरबोर्डचे, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटचे होते, आणि मदरबोर्ड बिघडलेलाच नव्हता. उरलेल्या ३,८०० ची 'नवी' हार्ड डिस्क कोणाची तरी वापरून झालेली निघाली. तक्रार चालू आहे म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण हा खेळ त्या एकाच काउंटरवर चालत असेल असं मला वाटत नाही.

मी घरून चार-पाच दुकानदारांचे अकाउंट्स पाहते. ११ तारखेचं जीएसटीआर-१, २० तारखेचं ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, सगळं या एका लॅपटॉपवर. एप्रिलपासून तो रडतखडत चालत होता. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायला लावून चहा करून यावा, तरी ते उघडलेलं नसायचं. मधूनच डाव्या तळहाताखाली बारीक टक्-टक् आवाज. मे महिन्यात एका सकाळी बटण दाबलं, पंखा फिरला, कंपनीचा लोगो आला आणि मग काळ्या स्क्रीनवर पांढरी ओळ: 'नो बूटेबल डिव्हाइस', म्हणजे जिच्यावरून विंडोज सुरू होईल अशी डिस्क सापडत नाही. मी त्या स्क्रीनचा फोटो काढून पुण्याला इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याला पाठवला. त्याची परीक्षा चालू होती, उत्तर लगेच आलं नाही. इकडे ३बी डोक्यावर. दुपारी उन्हातच बर्डी गाठली.

काउंटरवरच्या पोराने लॅपटॉप आत नेला आणि थोड्या वेळाने रिकाम्या हाताने बाहेर आला. "मॅडम, बोर्ड शॉर्ट आहे. पॉवरच घेऊन नाही राहिला. चिप लेव्हल काम लागंल."

मी म्हटलं, "अहो, सकाळी लोगो येत होता."

"येते ना कधी कधी. मग पूर्ण बसते."

जॉब कार्डवर त्याने लिहिलं: 'डेड, नो पॉवर'. विंडोजचा पासवर्डही त्याच कार्डावर, मोठ्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी फोन आला, बोर्ड झाला पण हार्ड डिस्कही गेली, नवीन टाकावी लागेल. जुन्यातला डेटा हवा असेल तर 'लॅबला' पाठवू, त्याचे ९,००० वेगळे. डेटाला मी नाही म्हटलं, मार्चपर्यंतचा बॅकअप घरी होता. जुनी डिस्क मागितली तर म्हणे, ती भंगारात गेली. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी लागंल मग वरून". हे मला सांगतोय, जी दिवसभर तेच भरते! शेवटी शिक्का मारलेली कच्ची पावती मिळाली, बोर्ड आणि डिस्कच्या रकमा वेगवेगळ्या लिहिलेली. ती पावती पुढे फार कामाला आली.

आता महत्त्वाचं. परीक्षा संपवून भाचा नागपूरला आला आणि त्याने तो फोटो पुन्हा उघडला. "मावशी, 'बूट डिव्हाइस सापडत नाही' हे वाक्य कोण लिहितं? बोर्डच लिहितो ना." पंखा फिरला, स्क्रीन उजळली, लोगो आला, म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि बोर्ड यांनी आपापलं काम केलं. त्यानंतर बोर्डाने डिस्ककडे विंडोज मागितलं आणि डिस्कने दिलं नाही. मेलेला बोर्ड तक्रार करत नाही, तो गप्प पडतो: ना दिवा, ना पंखा. बोर्डाचे अर्धवट बिघाडही असतात, नाही असं नाही. पण आधी पेन ड्राइव्हवर उबुंटूसारखी (विंडोजऐवजी चालणारी, लिनक्स प्रकारातली) सिस्टिम टाकून लॅपटॉप तिच्यावरून सुरू करून बघायचा. ती नीट चालली तर बोर्डावर संशय घ्यायचं कारण फार उरत नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये सुरू होताना एफ२ किंवा एफ१२ दाबलं की कंपनीचीच हार्डवेअर चाचणी निघते. तिला विंडोज लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) डिस्कचं नाव कधी दिसत असेल आणि कधी गायब होत असेल, तर दोष डिस्कचा किंवा तिच्या जोडणीचा असू शकतो.

माझ्याकडे फोटो सकाळचा आणि त्याच दुपारचं जॉब कार्ड म्हणतंय 'डेड'. वर विंडोज नव्याने टाकूनही आपोआप ॲक्टिव्हेट झालेलं होतं. ते लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असतं, म्हणजे बोर्ड बदललेला नव्हता. 'बदलला नाही, दुरुस्त केला' असं दुकानदार म्हणू शकतो, आणि म्हणालाच. मग काय दुरुस्त केलं, कुठला भाग टाकला, ते सांगा म्हटलं तर उत्तर नाही.

डिस्कचं प्रकरण त्याहून सरळ होतं. भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात दोन-तीन ओळीच बघायच्या. 'रीॲलोकेटेड सेक्टर्स' म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, 'करंट पेंडिंग' म्हणजे वाचता न येणाऱ्या, संशयित जागा, आणि 'पॉवर ऑन अवर्स' म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली. माझ्या 'नव्या' डिस्कचे तास होते २३,४१८. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे बाप्पा, रात्रंदिवस धरली तर अडीच वर्षांहून जास्त चाललेली! वर पिवळ्या रंगात 'कॉशन', म्हणजे सावधान. मागचं झाकण उघडलं तर डिस्कवर दुकानाचं वॉरंटीचं चकचकीत स्टिकर, नेमकं कंपनीने छापलेल्या तारखेवर. ते नखाने उचकटलं, खाली २०१६.

तास बघून निर्धास्त मात्र होऊ नका. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या सर्व्हर डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघडकीस आलं, त्यांचे स्मार्टमधले तास चक्क शून्यावर आणलेले होते. कंपनीच्या दुसऱ्या अंतर्गत नोंदीतून ते पकडले गेले. म्हणून पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा आणि डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी किती उरली ते काउंटरवरच बघा.

मी पावती, फोटो आणि तासांचा स्क्रीनशॉट घेऊन दुकानात गेले. आधी आवाज चढला. मग मी तिथेच उभी राहून १९१५ लावला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलतात. पक्कं बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली जाते, हेही त्याला ऐकू जाईल असं बोलले. आणि भंगारात गेलेली माझी डिस्क खालच्या ड्रॉवरमधून निघाली! तिच्यावर माझं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेलीच होती. डेटाच्या ९,००० साठी मी परत येईन या आशेवर ठेवली असावी, दुसरं कारण मला दिसत नाही.

ती डिस्क भाच्याने लॅपटॉपमध्ये परत लावली नाही. मरणाऱ्या डिस्कवरून विंडोज चालवायचं नाही आणि तिच्यावर चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधनही चालवायचं नाही, उरलासुरला डेटा त्यात जाऊ शकतो. यूएसबी केसमध्ये घालून, लिनक्सवरून डीडीरेस्क्यूने तिची अख्खी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली. हे सॉफ्टवेअर वाचता येतं ते आधी उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. रात्रभर ते चालू होतं, कूलरच्या वाऱ्यात ठेवून. सकाळी एप्रिल-मेच्या टॅली फाइल्स आल्या, काही फोटो अर्धे कापलेले आले. 'लॅब' म्हणून जे ९,००० सांगितले होते, ते काम हे. डिस्क पडली असेल किंवा आतून खरखर येत असेल तर मात्र घरी हात लावू नका, तिथे खरी लॅबच लागते.

त्याच दिवशी मी सगळे पासवर्ड बदलले, बँकेचे, मेलचे आणि माझ्या ग्राहकांचे जीएसटी लॉगिनसुद्धा. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले होते, आणि डिस्क कोणाच्या ड्रॉवरमध्ये किती दिवस पडून होती. ग्राहकांना फोन करून सांगताना जी लाज वाटली तिचे पैसे कोण देणार?

डिस्कचे ३,८०० त्याने परत केले. बोर्डाचे ६,५०० देत नाही म्हणून ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. परवा दुकानदाराचा फोन आला, "ताई, एवढ्याशा गोष्टीचं कायले मोठं करून राहिल्या?" मी म्हटलं, "भाऊ, बोर्डावर कोणता भाग टाकला तेवढं लेखी द्या, मी तक्रार मागे घेते." विचारून सांगतो म्हणाला. अजून विचारतोच आहे.