११०० गॅलनवाला बिल्ज पंप: खोक्यावरचा आकडा आणि होडीतलं पाणी

अठरा ते बावीस फुटी, आउटबोर्ड (मागे बाहेरून लटकवायचं इंजिन) लावलेल्या फायबरच्या होडीत बारा व्होल्टचा ११०० गॅलनवाला बिल्ज पंप, म्हणजे होडीच्या तळात साठलेलं पाणी उपसणारा पंप, बसवावा का? जरूर बसवावा. पण तो वादळातून तारून नेईल या भरवशावर नको. त्याचं खरं काम वेगळं आहे. अचानक वारा उठल्यावर माणसाचे दोन्ही हात इंजिनाच्या हँडलवर हवेत, तेवढा वेळ पावसाचं आणि तुषारांचं पाणी कुणीतरी उपसत राहायला हवं. ते काम हा पंप चोख करतो. त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा वाढवल्या की पंचाईत होते.

आधी खोक्यावरचा आकडा. ११०० म्हणजे अमेरिकन गॅलन, तेही ताशी. लिटरमध्ये साधारण ४,१६०, म्हणजे मिनिटाला ६९. हा आकडा काढताना पंपाला नळी नसते, पाणी वर चढवायचं नसतं आणि व्होल्टेज १३.६ असतं, म्हणजे इंजिन चालू असून बॅटरी चार्ज होत असताना मिळतं तेवढं. होडीत यातलं काहीच नसतं. पाणी तळापासून जवळजवळ मीटरभर वर चढवायचं, दोन मीटर नळी, एखादा बाक आणि इंजिन बंद पडलं की बॅटरीवर जेमतेम १२ व्होल्ट. अशा वेळी मिनिटाला ३५ ते ४५ लिटर पडले तर फिटिंग उत्तम झालं समजावं. तपासायला घड्याळ आणि २० लिटरचा कॅन पुरतो. तळात पाणी भरा, इंजिन बंद ठेवा आणि नळीचं तोंड कॅनमध्ये धरा, पण बाहेर पडण्याच्या भोकाएवढ्याच उंचीवर. कॅन अर्ध्या मिनिटात भरला पाहिजे. चाळीस सेकंदांच्या वर गेलं तर दोष पंपात क्वचित असतो, तो नळीत किंवा तारेत शोधायचा.

आता येणारं पाणी किती ते बघू. सहा मीटर लांब होडीचा उघडा भाग दहा चौरस मीटर धरला आणि ताशी ६० मिलिमीटरचा धो धो पाऊस असला, तरी मिनिटाला दहा लिटरच साठतात. म्हणजे पावसाला पंप सहज पुरून उरतो. बाजूवरून आत आलेली एक चांगली लाट मात्र दोन-तीनशे लिटर टाकून जाते. ते काढायला पंपाला सहा-सात मिनिटं लागतात आणि पुढची लाट तोवर थांबत नाही. तीनशे लिटर म्हणजे तीनशे किलो वजन. ते एका जागी बसून राहिलं असतं तर होडीने पेललंही असतं, पण होडी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. छोट्या होड्या उलटतात त्या बहुतेक अशाच.

तिसरा हिशेब बुचाचा. मागच्या फळीतलं २५ मिलिमीटरचं भोक पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर असेल आणि बूच निसटलं, तर मिनिटाला चाळीसच्या वर लिटर आत येतात. म्हणजे पंप पूर्ण जोरात चालूनही पाण्याची पातळी तिथल्या तिथेच. भोक ५० मिलिमीटरचं असेल तर चौपट, मिनिटाला १७० लिटरच्या आसपास. म्हणून जादा बूच दोरीला बांधून त्याच भोकापाशी टांगलेलं हवं, हत्यारांच्या पेटीच्या तळाशी पडलेलं कामाचं नाही.

आणि बादली? बारा-पंधरा लिटरची बादली मिनिटाला सात-आठ वेळा रिकामी झाली की शंभर लिटर होतात. म्हणजे पंपाच्या दुपटीहून जास्त. माणूस दहा मिनिटांत थकतो हे खरं, पण लाट आत आल्यानंतरची ती दहा मिनिटंच निर्णायक असतात. दोरी बांधलेली जाड प्लास्टिकची बादली नसेल तर पंपाच्या चर्चेला अर्थ नाही.

५०० गॅलनवाला पंप मिनिटाला खरे अठरा-वीस लिटर काढतो. बंदरात नांगरलेल्या होडीत रात्रभर साठलेलं पावसाचं पाणी काढायला तो छान आहे, दर्यावर तोकडा पडतो. २००० गॅलनवाला घ्यायचा तर नळी, तार, बॅटरी सगळंच एक माप वर न्यावं लागतं. त्याऐवजी ११०० चे दोन, वेगवेगळ्या फ्यूजवर, हा मार्ग जास्त शहाणपणाचा. एक जाळ्याच्या तुकड्याने अडकला तरी दुसरा चालू राहतो.

बसवण्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण पंप फसतो तो इथेच. पंपाची जाळीची बैठक (कचरा अडवणारा खालचा भाग) होडीच्या तळाला थेट स्क्रूने मारू नका. तळाला भोक पडतं आणि फायबरच्या आतल्या थरात पाणी मुरत जातं. १२ मिलिमीटर मरीन प्लायचा तळहाताएवढा तुकडा सर्व बाजूंनी रेझिनने बंद करून तळाला इपॉक्सीने चिकटवा आणि बैठक त्या तुकड्यात स्क्रू करा. जागा अशी निवडा की होडी थांबलेली असताना पाणी आपोआप तिथेच गोळा होईल.

नळी आतून गुळगुळीत हवी. स्वस्त मिळणारी, आतून-बाहेरून वळ्या असलेली नळी वाकायला सोपी म्हणून सगळे घेतात, पण तिच्या वळ्या पाण्याला अडवतात आणि पंपाचा चांगला हिस्सा तिथेच खर्ची पडतो. नळी पंपापासून बाहेरच्या भोकापर्यंत सतत चढती असली पाहिजे. मध्ये झोळ राहिला तर त्यात पाणी अडकतं, पंप आणि ते पाणी यांच्यामध्ये हवा कोंडते आणि पंप नुसताच घूंऽऽ करत राहतो, पाणी टिपूसभर नाही. हा पंप पंख्यावर चालणारा असल्यामुळे हवा ढकलायची ताकद त्याच्यात नसते. याच कारणासाठी दुकानदार आग्रहाने विकतो तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) लावू नका. त्याने हवा कोंडण्याचा त्रास वाढतो, शिवाय खवल्यांनी आणि तंतूंनी तो अडकून बसतो. बाहेरचं भोक पाण्याच्या रेषेपासून निदान ३० सेंटिमीटर वर ठेवा. ते खाली असेल तर होडी कलल्यावर बुडतं आणि पंप बंद होताच त्याच नळीतून दर्या उलटा आत यायला लागतो.

नळीच्या क्लिपा दोन्ही टोकांना दोन-दोन. ‘स्टेनलेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच क्लिपांचा पट्टा स्टेनलेस असतो आणि स्क्रू साधा लोखंडी. खिशातलं छोटं लोहचुंबक स्क्रूला लावून पाहा. घट्ट चिकटलं तर एका पावसाळ्यात तो स्क्रू गंजून तुटेल.

तारेत कंजुषी करू नये. पंप साडेतीन अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरीपासून पाच मीटर अंतर असेल आणि तार १ चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर तारेत ०.६ व्होल्टहून जास्त वाया जातात. २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर पाव व्होल्टवर भागतं. तार कलई केलेल्या तांब्याची असावी. साध्या तांब्यात खारं पाणी केसासारख्या तारांमधून वर चढत जातं आणि वरून धडधाकट दिसणारी तार आतून फूटभर काळी पडते. जोड पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला नको. दाबून बसवणारा कनेक्टर, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, आणि जोडाची जागा तळापासून शक्य तितकी वर. जोडताना काळी तार ऋण बाजूला गेली आहे ना, ते दोनदा बघा. उलटी लागली तर पंखा उलटा फिरतो. आवाज नेहमीसारखाच येतो, पाणी मात्र निम्मंही पडत नाही, आणि लोक पंपालाच शिव्या घालतात.

फ्यूज पंपावर छापलेल्या आकड्याचाच, बॅटरीच्या जवळ. पंखा अडकला की मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. फ्यूज मोठा असेल तर तो उडत नाही, मोटर आणि तार तापतात. पेट्रोलचा कॅन बाजूला असलेल्या होडीत याचा अर्थ सांगायला नको.

फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की तरंगून पंप आपोआप चालू करणारा स्विच, हा या जोडीतला सर्वांत कच्चा दुवा. कोळंबीची टरफलं, खवले, नायलॉनचे दोरे आणि थर्मोकोलचे दाणे तरंगत येतात आणि फ्लोटच्या बिजागरीत बसतात. मग तो वर अडकून कोरडा पंप चालवतो किंवा खाली अडकून चालवतच नाही. आठवड्याला एकदा बोटाने उचलून पाहणं भागच आहे. त्याची जोडणी मुख्य स्विचच्या आधी, वेगळ्या फ्यूजमधून करावी, म्हणजे होडी बंदरात सोडून गेल्यावरही तो जागा राहतो. मात्र हाताने चालू करायचा वेगळा स्विच हवाच. खवळलेल्या पाण्यात फ्लोट सेकंदासेकंदाला चालू-बंद होत राहतो, त्यात त्याचे संपर्क जळतात. वारा उठला की स्विच ‘हाताने’वर टाका. तळात पेट्रोल किंवा रॉकेल सांडलं असेल तर मात्र दोन्ही बंद, बादलीने काढून कॅनमध्ये.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी वापरायची म्हटलं तर पंप पाच तास चालतो. अचानक आलेलं वादळ त्याच्या आत ओसरतं.

त्या वेळात बाकी काय करायचं ते थोडक्यात. लाइफ जॅकेट आधी, ढग काळा दिसताक्षणी. माणसं फळीवरून उतरून तळाला, मध्यावर. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटांना थोडी तिरपी, ३० ते ४५ अंशांत, इंजिन फक्त दिशा टिकेल इतकंच. लाट बाजूने घ्यायची नाही. इंजिन बंद पडलं तर दोरीला बादली किंवा जाळ्याचा गुंडाळा बांधून नाळेवरून सोडा, म्हणजे नाळ वाऱ्याकडे राहते. अर्थात त्यासाठी उपसायच्या बादलीखेरीज दुसरी बादली लागते. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६, मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. मासेमारीबंदीचे जून-जुलै पाळले म्हणजे झालं असं नाही. फयान चक्रीवादळ नोव्हेंबर २००९ मध्ये आलं आणि तौक्ते मे २०२१ मध्ये.

वादळानंतर पंप स्वतः सहसा धडधाकट असतो, बुडूनच राहायला तो बनवलेला आहे. जाळीची बैठक काढून गोड्या पाण्याने धुवा, पंखा बोटाने फिरवून बघा आणि मग सगळे जोड तपासा. हिरवट पावडर दिसली तर तार चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापायची, घासून भागत नाही. फ्यूज-पेटी आणि स्विच गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, मगच वीज द्या. बॅटरीच्या झाकणांतून खारं पाणी आत गेलं असेल तर ती चार्जला लावू नका, क्लोरीन वायू सुटतो.

आउटबोर्ड बुडालं असेल तर खरी घाई त्याची. खाऱ्या पाण्यातून वर काढून तसंच वाऱ्यावर ठेवलं की काही तासांत आत गंज धरतो. लगेच गोड्या पाण्याने धुवा, स्पार्क प्लग काढा, भोकं खाली करून फ्लायव्हील हाताने फिरवत पाणी काढा, कार्बोरेटर आणि इंधनाची नळी रिकामी करा, सिलिंडरमध्ये तेल सोडा. फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन ऑइल दुधाळ दिसणं थांबेपर्यंत दोन-तीनदा बदलावं लागतं. मग चालू करून अर्धा-पाऊण तास चालवा. मेकॅनिक दुसऱ्या दिवशीच मिळणार असेल तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवणं बरं, कारण गंजाला हवा लागते. चालू असताना बुडालं आणि फ्लायव्हील अडतंय, तर जोर करू नका. कनेक्टिंग रॉड वाकलेला असण्याची शक्यता असते.

फायबरला तडा असेल तर आधी गोड्या पाण्याने मीठ काढा, कारण मीठ ओल धरून ठेवतं आणि ओल्या फायबरवर पॉलिस्टर रेझिन दुधाळ होऊन पकड सोडतं. वाळल्यावर तड्याच्या कडा घासून उतार द्या, जाडीच्या बारापट रुंद. ४५० ग्रॅमच्या मॅटचा (काचतंतूंच्या कापडाचा) एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो, वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन पितो, हार्डनर एक ते दोन टक्के. मागच्या फळीवर नाण्याने ठोकून पाहा. टणत्काराऐवजी दबका आवाज आला तर आतल्या प्लायमध्ये पाणी मुरलंय, वरून लावलेला थर तिथे टिकणार नाही.

हातपंप, म्हणजे दांडा ओढायचा, घ्यावा का? वीज गेल्यावरचा आधार म्हणून ठीक, बादली जात नाही अशा अरुंद तळासाठी उपयोगी. एका ओढीला जेमतेम अर्धा लिटर देणारा असेल तर त्यावर जीव टांगू नये.

११०० वाला दुकानात हातात घेतल्यावर चार गोष्टी बघा. जाळी हत्याराशिवाय, ओल्या बोटांनी निघते का. फ्यूजचा आकडा अंगावर छापलाय का. तार मोटरमध्ये शिरते तिथे पक्की बंद आहे का. आणि नळी बसवायच्या तोंडाचं माप. ते सहसा सव्वा इंचाला एक सूत कमी, म्हणजे १⅛ इंच, २८.५ मिलिमीटर असतं. बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात २५ आणि ३२ च्या नळ्या. ३२ ची नळी, क्लिप कितीही आवळली तरी, गळते आणि २५ ची गरम पाण्यात बुडवून चढवली तर पुढे सगळा मार्गच अरुंद होतो. त्यामुळे नळी पंपासोबतच मागवा, दोन मीटर हवी असेल तर अडीच.