एका वर्गात ग्रंथपाल, संग्रहालयवाले आणि दप्तरवाले : चार दिवसांच्या प्रशिक्षणाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील एका ‘क’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल म्हणून मी आजवर जी प्रशिक्षणे घेतली, ती सारी ग्रंथपालांनी ग्रंथपालांसाठी भरवलेली होती. वर्गीकरण, तालिका, दाखल नोंदवही आणि तपासणीच्या वेळी दाखवायचे तक्ते यांपलीकडे ती फारशी जात नसत. गेल्या दिवाळीच्या सुटीत वर्ध्याजवळच्या एका शाळेत भरलेले चार दिवसांचे निवासी प्रशिक्षण त्या मानाने वेगळे होते. ग्रंथालय, संग्रहालय, अभिलेखागार (म्हणजे जुनी कागदपत्रे जपण्याचे ठिकाण) आणि कलादालन या चारही ठिकाणची माणसे तिथे एकाच वर्गात बसवली होती. आम्ही सत्तावीस जण होतो. त्यांत एका मठातील महानुभाव पोथ्या सांभाळणारे गृहस्थ होते, दोन चित्रकला शिक्षक होते आणि ग्रामपंचायतीचे जुने दप्तर अनायासे अंगावर पडलेला एक लिपिकही होता. राहणे-जेवण धरून शुल्क दीड हजार रुपये होते.

पहिल्या दिवसाचे सकाळचे सत्र हेच या प्रशिक्षणाचे सार्थक म्हणता येईल. अभिलेखागारात अनेक वर्षे काम केलेल्या मॅडमनी सुरुवातच अशी केली की ग्रंथपाल हाती आलेल्या वस्तूला ‘हे कोणत्या विषयाचे आहे’ असे विचारतो, तर अभिलेखपाल ‘हे कोणाच्या दप्तरातून आले आणि तिथे कशाच्या शेजारी होते’ असे विचारतो. एका व्यक्तीचे वा कचेरीचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत आणि त्यांचा मूळ क्रम मोडायचा नाही, हे तत्त्व नेदरलँड्समधील तीन अभिलेखपालांनी १८९८ साली एका मार्गदर्शिकेत नेमकेपणाने मांडले आणि पुढे ते जगभर रुजले. ऐकताना मला घाम फुटला, हे कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या एका दिवंगत गुरुजींच्या घरच्यांनी त्यांची लोखंडी पेटी वाचनालयाला दिली होती. मी तीतली पुस्तके विषयवार लावून वेगवेगळ्या कपाटांत पाठवली, पुस्तकांत खुणेसाठी घातलेल्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि पत्रे, शाळेच्या सहलींचे हिशेब व हस्तलिखित टिपणे ‘किरकोळ’ अशी चिठ्ठी लावून एका खोक्यात कोंबली. पुस्तके विषयांच्या क्रमांकांनी लावण्याच्या दशांश पद्धतीने पाहिले तर काम चोख झाले होते. पण ते गुरुजी काय वाचत होते, कोणत्या काळात वाचत होते आणि वाचताना कोणाला पत्रे लिहीत होते, हे सांगणारी एकमेव रचना मीच मोडली होती. परतल्यावर दाखल नोंदवहीतील देणगीदाराच्या रकान्यावरून त्यांची पुस्तके शोधून त्यांची एक स्वतंत्र यादी केली. चिठ्ठ्या मात्र गेल्या त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सेवाग्राम आणि वर्ध्याचे मगन संग्रहालय असा दौरा होता. सेवाग्राम आम्हा सर्वांचे पाहिलेले. तरी या खेपेस आश्रमाचा उपयोग नोंदीचा धडा म्हणून करण्यात आला. गांधीजी १९३६ मध्ये इथे आले तेव्हा गावाचे नाव सेगाव होते आणि टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागले म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. म्हणजे १९३८ च्या एखाद्या पत्रावर सेगाव असणार आणि शोधणारा सेवाग्राम म्हणून शोधणार. तेव्हा नोंदीत दोन्ही नावे हवीत आणि त्यांतले एक प्रमाण मानून दुसऱ्याकडून तिकडे वाट दाखवलेली हवी. ग्रंथपालांना ही पद्धत लेखकांच्या टोपणनावांमुळे ठाऊक असते, गावांना ती लावण्याचे आमच्यापैकी कोणाला सुचले नव्हते. विदर्भात तर हे फारच लागते. १९५५ च्या कागदावर वर्धा ‘मध्यप्रदेश’ राज्यात आणि राजधानी नागपूर, हे वाचून नवा कर्मचारी तो कागद चुकीचा ठरवायचा! १९३८ साली उघडलेल्या मगन संग्रहालयात चरखे आणि ग्रामोद्योगाची साधने पाहताना संग्रहालयशास्त्राच्या शिक्षकांनी प्रत्येकाला एकेक वस्तू नेमून देऊन चाळीस शब्दांत तिची पाटी लिहायला लावली. ‘लाकडी चरखा’ एवढेच लिहून थांबणारे निम्म्याहून अधिक होते, आणि त्यांत मीही होतो.

तिसऱ्या दिवसाच्या जतनविषयक सत्राबद्दल मात्र तक्रार आहे. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवले की कीड मरते, ही माहिती खरी असली तरी आमच्या गावात तेवढी थंड पेटी फक्त आइस्क्रीमवाल्याकडे आहे आणि तो ती द्यायचा नाही. तज्ज्ञ महाशय मोठ्या शहरातील वातानुकूलित संग्रहालयातून आले होते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणारी कोरडी खोली जुलैत ओलीगच्च होते तेव्हा कपाटांचे काय करावे, या प्रश्नाला त्यांच्याकडे धड उत्तर नव्हते. ते पोथ्यांवाल्या गृहस्थांनी दिले : कपाटे भिंतीपासून हातभर पुढे आणि जमिनीपासून उंच ठेवावीत, पावसाळ्यात दमट दिवशी खिडक्या मिटून कोरड्या दिवशी उघडाव्यात, पोथी धुतलेल्या सुती कापडात घट्ट बांधावी, आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर कधीच लावू नये. महानुभाव पंथाच्या सांकेतिक सकळ लिपीतल्या त्यांच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या आहेत, हा पुरावा तज्ज्ञांनीही मान्य केला.

संगणकीकरणाच्या सत्रात ग्रंथालयाचे काम संगणकावर चालवणाऱ्या कोहा या मुक्त आज्ञावलीची (सॉफ्टवेअरची) ओळख झाली. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय संस्थेसाठी ती बनली आणि २००० साली वापरात आली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. आमच्यापैकी बहुतेकांच्या ग्रंथयाद्या वर्षानुवर्षे कृतीदेव या जुन्या टंकात (फॉन्टमध्ये) टाइप केलेल्या आहेत, त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय कोहात मराठी शोध चालतच नाही, आणि हा मुद्दा शिकवणाऱ्यांच्या नियोजनातच नव्हता. तो वर्गातल्या एका ग्रंथपाल ताईंनी उपस्थित केला आणि पुढचा तास त्यांनीच घेतला. छायाचित्रणाच्या भागात प्रत्येक फाईलला अर्थपूर्ण नाव देणे आणि तीन प्रती ठेवून त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवणे, एवढे पक्के बसवून घेतले. ते पुरेसे आहे. कलादालनाचा भाग मात्र शेवटच्या दुपारी घाईत उरकला आणि दोन्ही चित्रकला शिक्षक साहजिकच नाराज होऊन गेले.

सर्व टिपणे इंग्रजीत होती. व्याख्याने मराठीतून होत असताना हे समजण्यासारखे नाही, विशेषतः ग्रामपंचायतीच्या लिपिकासाठी. कापूस वेचणीच्या दिवसांत वेळ काढणे ग्रामीण ग्रंथपालाला अवघड जाते, कारण आमच्यातले बरेचजण आधी कास्तकार आहेत. दिवाळीच्या सुटीऐवजी मार्च निवडल्यास उपस्थिती वाढेल, असे अभिप्रायाच्या कागदावर मी लिहून आलो आहे. जेवण साधे आणि चांगले होते. झोपायला वर्गखोलीत सतरंज्या मिळतात, पांघरूण आपले न्यावे लागते. वर्ध्याहून शाळेपर्यंत जाणारी शेवटची एसटी संध्याकाळी लवकर सुटते, म्हणून दुपारीच पोहोचावे. दप्तरे सांभाळणाऱ्यांनी आपल्याकडचे चार-पाच कागद झेरॉक्स करून सोबत न्यावेत, कारण पहिल्या दिवशीच्या सरावात दुसऱ्याचे नमुने वापरण्यापेक्षा स्वतःचे वापरलेले बरे पडतात.