रात्रभर उघडी अभ्यासिका आणि आमच्या घरातल्या दोन पाळ्या

नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर असलेल्या अभ्यासिकेबद्दल लिहितेय. नाव देत नाही. मालकांनी तशी विनंती केली आहे आणि ती मला रास्त वाटते. तिथली बहुतेक मुलं एमपीएससीची आणि पोलीस भरतीची तयारी करणारी आहेत, आणि मी जे लिहिणार त्यात पत्त्यांच्या खेळाचा विषय सारखा येणार. कळवण-सुरगाण्याहून पोटाला चिमटा घेऊन पोराला नाशिकला ठेवणाऱ्या आईबापांच्या वाचनात ते नावासकट आलं, तर त्यांच्या जिवाला घोर लागायचा. पण अशा चोवीस तास चालणाऱ्या अभ्यासिका आता नाशिकमध्ये ठिकठिकाणी निघाल्यात. निवडताना काय बघायचं, एवढं तरी यातून कळेल.

माझे मिस्टर व्यावसायिक पोकर खेळाडू आहेत, म्हणजे पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ हेच त्यांचं काम. मी दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. घरी सासूबाई आणि पाचवीतली मुलगी. सासरे नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले. त्या घरात वर्षानुवर्षं पाळीच्या वेळेवर डबा भरला गेला. माणूस वेळेवर निघतो, वेळेवर परततो, म्हणजे तो कामाला जातो, ही सासूबाईंची कामाची व्याख्या. आमच्या लग्नानंतर या व्याख्येत न बसणारं काम त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच घरात, आतल्या खोलीत चालायचं.

ऑनलाइन टूर्नामेंट संध्याकाळी सुरू व्हायच्या आणि चांगलं चाललं तर पहाटे तीनला संपायच्या. वाईट चाललं तर दहालाच संपायच्या, पण मग दुसरी सुरू असायची. सगळ्यात मोठ्या टूर्नामेंट रविवारी. म्हणजे सगळी दुनिया घरी असते तेव्हा यांची ड्युटी. प्रत्येक निर्णयाला हातात काही सेकंद, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी, सासूबाईंची आरती, मुलीचा गृहपाठ. मुलगी तिसरीत असतानाच घरात दबक्या आवाजात बोलायला शिकली होती, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं. पैशाची ओढाताण सोसता येते. पण माणूस दिवसभर घरात आहे, दार लोटलेलं आहे, आणि दारावर टकटक करायची की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही, हे फार दमवतं. जेवायला बसले तरी डोक्यात मघाचाच डाव. घर धड घर नाही आणि धड ऑफिस नाही.

मग गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नवा कायदा आला. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ॲप्सनी पैशाचे डाव थांबवले. त्यानंतर दहाच दिवसांनी, १ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त बाकी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. म्हणजे यांचं काम गेलं आणि माझ्या पक्क्या नोकरीलाही परीक्षा लागली. त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही.

अभ्यासिकेचा शोध मी माझ्यासाठी घेतला होता. पहाटे पाच ते सात अभ्यास, मग घरी येऊन आवरून शाळा, असा माझा बेत. पहाटे पाचला बाईमाणसाने कुठे जायचं म्हणजे आधी जिना बघावा लागतो. इथे महिलांचा हॉल वेगळा आणि त्याचा जिनाही वेगळा, थेट रस्त्याच्या दिव्याखाली उतरणारा. वॉचमन खुर्चीत झोपलेला आढळला नाही. दाराला बोटाचा ठसा लागतो आणि आत-बाहेरची वेळ नोंदली जाते; मुलींनी सांगितलं तर ती घरच्यांच्या मोबाइलवरही जाते. कॅमेरे दारात आणि जिन्यात आहेत, टेबलांच्या रांगांवर रोखलेले नाहीत, हे मी मुद्दाम तपासलं. महिलांच्या हॉलमध्ये मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट आहे, त्यात सॅनिटरी पॅड, पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी. मालकांच्या पत्नी ते भरून ठेवतात. कपाटावर काही लिहिलेलं नाही, पण सगळ्या मुलींना ठाऊक आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी जास्त पैसे दिले असते.

टीईटीचा पहिला पेपर १५० प्रश्नांचा: बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. वय वाढल्यावर सलग दीड-दोन तास बसायची सवय पुन्हा लावून घ्यावी लागते. शेजारी पंचविशीच्या मुली मान वर न करता बसलेल्या असल्या की आपोआप लागते.

मी रुळले तेव्हा मिस्टरांना म्हटलं, “अहो, तुम्हीपण तिथे टेबल घ्या.” त्यांना पटायला वेळ लागला. खेळच बंद झालाय तर बसून काय करायचं? पण खेळ पूर्ण बंद नव्हता. गोव्यात पणजीला मांडवीतल्या जहाजांवर कॅसिनो कायदेशीर आहेत आणि तिथे पोकरची टेबलं लागतात. ऑनलाइनमध्ये एका रात्री शेकडो डाव व्हायचे. समोरासमोर बसून तासाला जेमतेम पंचवीस-तीस. डाव कमी, म्हणजे प्रत्येक चुकीची किंमत जास्त, म्हणजे घरी बसून करायचा अभ्यास वाढला. महिन्यातून एक फेरी मंगला एक्स्प्रेसने मडगाव, आणि उरलेले दिवस तयारी.

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे: ‘कोणत्या परीक्षेची तयारी?’ त्यात यांनी पोकर असं लिहिलं. मालक, ज्यांना सगळे सर म्हणतात, बराच वेळ फॉर्मकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पत्ते?” यांनी लॅपटॉप उघडून सॉल्व्हर दाखवला. ते गणिती सॉफ्टवेअर आहे. एखाद्या परिस्थितीत कोणत्या पत्त्यांनी किती टक्के वेळा पैसे वाढवायचे, किती टक्के वेळा सोडून द्यायचं, हे ते हिशेब करून काढतं. सरांना टक्केवारीचे तक्ते दिसले. त्यांनी अटी घातल्या. आत एकही डाव खेळायचा नाही, फुकटचासुद्धा नाही. पोरांशी या विषयावर बोलायचं नाही. टेबल कोपऱ्यातलं, पडदा भिंतीकडे. तिन्ही अटी आजवर पाळल्या गेल्यात. एका मुलाला सुगावा लागला तेव्हा तो खाली चहाच्या टपरीवर यांच्या मागे लागला, सर शिकवा ना. यांनी त्याला एवढंच सांगितलं की टूर्नामेंटमध्ये साधारण शंभरातल्या पंधरा जणांनाच काही मिळतं, पंच्याऐंशी जण भरलेले पैसे घालवून परततात. तुझे पैसे तुझ्या वडिलांच्या टोमॅटोचे आहेत. आणि दुसऱ्याच दिवशी सरांना जाऊन सांगितलं की असं झालं. त्या दिवसापासून सरांचा यांच्यावरचा विश्वास वाढला.

मला हा खेळ कळायला लागला तो शिक्षिका म्हणून. एकदा वहीत लिहिलेला हिशेब दिसला. मध्ये १०० रुपये आहेत, समोरच्याने ५० लावले. आपल्याला डावात राहायचं तर आपले ५०. एकूण २००, त्यातले ५० आपले, म्हणजे चारातून एकदा जिंकलो तरी बरोबरी. शेकडेवारीचा हा धडा मी दर वर्षी शिकवते. फरक इतकाच की ‘चारातून एकदा’ हा अंदाज समोरच्याच्या आधीच्या सगळ्या वागण्यावरून बांधायचा असतो, आणि तो रात्री दोन वाजता, सहा तास बसल्यावर बांधायचा असतो.

आमचं वेळापत्रक असं ठरलं. टीईटी होईपर्यंत पहाटे मी अभ्यासिकेत असायचे, तेव्हा मुलीचं उठणं-आंघोळ-डबा यांच्याकडे. संध्याकाळ सगळ्यांची. रात्री मुलगी झोपली की साडेनऊला हे पाठीला बॅग लावून निघतात आणि साडेबाराच्या आत परत येतात. घरात मुलीजवळ आई किंवा बाप, दोघांपैकी एक नेहमी असतो, आणि जो असतो तो पूर्ण असतो. हे रात्रभर उघड्या जागेशिवाय जमलं नसतं; रात्री दहाला बंद होणारी अभ्यासिका आमच्या काहीच कामाची नव्हती. सासूबाई आता यांना निघताना थर्मासमध्ये चहा भरून देतात. मुलीने शाळेत निबंधात लिहिलं की बाबा रात्री अभ्यासाला जातात.

सगळ्यात मोठा उपयोग गोव्याहून परतल्यावर होतो. पूर्वी एखादी वाईट रात्र गेली की तिचा राग तीन दिवस घरात फिरायचा. पोकरवाले त्याला टिल्ट म्हणतात. डोकं तापलेल्या अवस्थेत माणूस खेळतो तसाच बोलतोही. आता आमचा नियम आहे: परतल्यावर ‘काय झालं’ हे दारात विचारायचं नाही. आंघोळ, जेवण, झोप. दुसऱ्या दिवशी हे अभ्यासिकेत जाऊन मोबाइलमध्ये टिपलेले डाव वहीत उतरवतात, सॉल्व्हरवर तपासतात. हरले ते चुकीमुळे की पत्तेच फिरल्यामुळे, हे वेगळं करतात. मग संध्याकाळी मला आकडा सांगतात. तोवर तो आकडा नुसता आकडा झालेला असतो.

पैशाबाबत एवढं सांगते की घर माझ्या पगारावर चालतं, खेळाची रक्कम वेगळ्या खात्यात, आणि सहा महिन्यांचा खर्च तिसऱ्या खात्यात, ज्याला हे हात लावू शकत नाहीत. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर, वर सेस, आणि आमच्या सीएंच्या हिशेबाने हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. हे गणित न मांडता या धंद्यात कोणी उतरू नये. आणि ज्यांच्या घरी माणूस उसनवारी करून, लपवून, हरलेलं भरून काढायला खेळतोय, त्यांनी माझं हे लिखाण आपल्यासाठी आहे असं समजू नये. तिथे अभ्यासिकेचा उपयोग नाही. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

आता उणिवा. पार्किंग नाही म्हटलं तरी चालेल. कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते उकरले गेले तेव्हापासून दुचाकी लावायलाही दोन गल्ल्या लांब जावं लागतं. रात्री दहानंतर सगळी मुलं लेक्चरचे व्हिडिओ लावतात आणि वायफाय रखडतं. पुरुषांच्या हॉलमधली स्वच्छतागृहं सकाळी बरी, रात्री नाही. वीज गेली तर इन्व्हर्टर दिवे आणि पंखे सांभाळतो, प्लग बंद होतात. लॅपटॉपवाल्यांनी चार्जिंग बघूनच जावं. साध्या हॉलमधल्या खुर्च्या दोन तासांनंतर कंबर धरतात, मिस्टरांनी घरून उशी नेलीय. पावसाळ्यात डास होते. फोनवर बोलायला जिन्याखेरीज जागा नाही, त्यामुळे घरून काम करणाऱ्यांना, ज्यांच्या दिवसाला चार मीटिंगा असतात, ही जागा चालणार नाही.

राखीव टेबलाचे महिना १,२०० रुपये, एसी हॉलमध्ये १,६००, लॅपटॉप असेल तर वर १५०. अनामत ५०० आणि ती मला चहापाण्यासकट परत मिळाली, कारण नोव्हेंबरच्या टीईटीनंतर मी माझं टेबल सोडलं. यांचं चालू आहे. पाचपैकी चार गुण देईन. एक गुण वायफाय आणि स्वच्छतागृहांचा कापला.

कोणाला अशी जागा शोधायची असेल तर मोठ्या परीक्षेच्या तोंडावर जाऊ नका, नुसती प्रतीक्षायादी मिळेल. पूर्वपरीक्षा होऊन गेल्यावरच्या आठवड्यात टेबलं रिकामी होतात, तेव्हा विचारा. खिडकीजवळचं मागू नका, रस्त्याच्या कामाची धूळ येते. आणि फॉर्मवरच्या त्या रकान्यात जे असेल ते खरं लिहा.