पुस्तकाच्या कव्हरसाठी चित्र कुठून घ्यायचं, मी वापरलेल्या साइट्सबद्दल

तीन पुस्तकं स्वतःच काढली, तिन्हींची कव्हरं स्वतःच केली आणि प्रत्येक वेळी गाडी एकाच ठिकाणी अडली, ती म्हणजे चित्र. मनात भरेल असं, खिशाला परवडेल असं आणि उद्या कुणी विचारलंच तर कागद दाखवता येईल असं, ही तिन्ही एका जागी मिळेपर्यंत रात्रीच्या रात्री जातात. फुकटच्या आणि पैसेवाल्या बऱ्याच साइट्स वापरून झाल्यात, तर जे कळलं ते लिहून ठेवतेय, पहिलं पुस्तक काढणाऱ्यांच्या कामी येईल.

आधी पहिल्या पुस्तकाचं सांगते कारण तिथेच हात पोळला. एका फुकट फोटोंच्या साइटवर निळ्या दाराचा फोटो सापडला, जुनं लाकूड, रंगाचे पोपडे निघालेले, कडी गंजलेली, कथासंग्रहाला अगदी हवा तसा. डाउनलोड केला, शीर्षक टाकलं, दोनशे प्रती छापल्या. महिनाभराने एका फोटोग्राफरचा मेल आला, भाषा अगदी सभ्य, हा फोटो माझा आहे आणि मी तो कुठेही फुकट दिलेला नाही. सोबत मूळ फाइल होती आणि तिच्यात दाराच्या डावीकडे सायकलचं हँडल दिसत होतं, माझ्याकडच्या फोटोत नेमकं तेवढंच छाटलेलं. म्हणजे भलत्याच कुणीतरी त्याचा फोटो उचलून, कडेने कापून स्वतःच्या नावावर टाकला होता. साइटने फोटो काढला, ते खातं बंद केलं, त्यांच्यापुरता विषय संपला. माझ्या दोनशे प्रती तशाच पडून. तो माणूस मनाने मोठा, छापलेल्या आहेत तेवढ्या विका म्हणाला, पुढच्या वेळी मात्र कव्हर बदला, आणि मी बदललं. पण तो नाही म्हणाला असता तर काय केलं असतं हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

तेव्हापासून चित्र आवडायच्या आधी ते कोण देतंय आणि कुठल्या हक्काने देतंय हे बघते. पुढची सगळी मतं त्याच नजरेने दिलेली आहेत.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे या तिन्ही साइट्स सगळ्यांना माहीत आहेत. फोटो सुंदर, शोधायला सोपं, खातं न उघडताही बरंच काम होतं. पण इथले फोटो कॉपीराइट-मुक्त आहेत असं खूप जण धरून चालतात, ते बरोबर नाही. अनस्प्लॅशवर आधी सीसी झिरो (म्हणजे सगळे हक्क सोडून दिल्याची खूण) होतं, २०१७ मध्ये त्यांनी स्वतःचं लायसन्स आणलं, पिक्साबेनेही २०१९ मध्ये तेच केलं. कव्हरसाठी वापरायला ही लायसन्स परवानगी देतात, त्याबद्दल अडचण नाही. अडचण आहे ती फोटोत काय दिसतंय याची. ओळखू येणारा चेहरा, एखाद्या कंपनीचा लोगो, भिंतीवर काढलेलं दुसऱ्याचं चित्र, यांचे हक्क त्या लायसन्समध्ये येत नाहीत, आणि फोटोतल्या बाईने सही करून संमती दिली होती की नाही हे आपल्याला कळायला मार्गच नसतो. म्हणून माझा नियम असा की या साइट्सवरून फक्त आभाळ, पाणी, दगड, झाडं, धुकं, कागदाचा किंवा कापडाचा पोत असलंच घ्यायचं, माणूस घ्यायचा नाही. त्यातही टाकणाऱ्याचं खातं उघडून बघायचं. पाच-सहा वर्षांपासून एकाच शैलीत शेकडो फोटो टाकणारा माणूस आणि काल उघडलेल्या खात्यावर तीन फोटो, तिन्ही वेगळ्याच हातचे, यातला फरक बघताक्षणी कळतो. माझ्या निळ्या दाराचं खातं दुसऱ्या प्रकारातलं होतं, मी उघडून बघितलं नव्हतं एवढंच. शिवाय तोच फोटो आणखी कुठे आहे ते शोधून देणाऱ्या टिनआय आणि गूगल लेन्समधून फिरवून घ्यायचा, कुठे जुनी तारीख किंवा दुसरं नाव दिसतंय का ते लगेच समजतं.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या जागा, म्युझियम्स. खरं सांगते, स्वतः पुस्तक काढणाऱ्याला याच्याइतकं मोठं घबाड कुठेच नाही आणि तरी फार कमी लोक तिकडे वळतात. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास चित्रं सीसी झिरोखाली खुली केली, स्मिथसोनियनने २०२० मध्ये अठ्ठावीस लाख, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, क्लीव्हलँडचं म्युझियम, अॅम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम, सगळ्यांनी दारं उघडलीत. सीसी झिरो म्हणजे श्रेय देण्याचीसुद्धा सक्ती नाही (मी तरी देते, आतल्या पानावर एक ओळ जाते, त्यात आपलं काय जातंय). हक्क कुणाचा ही शंका इथे जवळजवळ उरत नाही कारण चित्र त्यांच्याकडे आहे, फोटो त्यांनी काढलाय आणि पानावर स्पष्ट लिहिलंय. फक्त एक लक्षात ठेवा, म्युझियमच्या साइटवर आहे म्हणजे खुलं आहे असं नाही, विसाव्या शतकातल्या बऱ्याच कलाकृतींवर अजून हक्क आहेत, म्हणून शोधतानाच ओपन अॅक्सेस किंवा पब्लिक डोमेनचा फिल्टर लावायचा आणि त्या-त्या चित्राच्या पानावरची खूण बघायची.

दुसऱ्या पुस्तकाला मी असंच एक जुनं कोरीव छापाचं चित्र घेतलं, एक फांदी, तीन पानं आणि एक कीड लागलेलं फळ. पूर्ण आकारात उघडलं तेव्हा दोन मिनिटं नुसती बघत बसले. पानाच्या शिरेशिरेवर बारीक समांतर रेघा, सावली हवी तिथे रेघा जवळ आलेल्या, किडीच्या भोकाच्या कडेला एक ठिपका जरा जास्तच शाईचा. कागद पिवळट पडलेला आणि कोपऱ्यात ओलीचा डाग. आधी तो डाग पुसला, मग परत आणला, कारण डागाशिवाय ते चित्र एकदम आजचं वाटायला लागलं. शीर्षकाला वर मोकळी जागा हवी होती तर कागदाचाच पोत वाढवून घेतला. लोकांनी विचारलं, चित्र कुणाकडून काढून घेतलंस? अशी झाडं, पक्षी, किडे हवे असतील तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीही बघा, जुन्या पुस्तकांतली पानंच्या पानं आहेत, शोधायला जरा किचकट आहे पण वेळ सत्कारणी लागतो.

विकिमीडिया कॉमन्सवर सगळं मिळतं, पण तिथे प्रत्येक चित्राचं लायसन्स वेगळं. सीसी बाय (श्रेय द्या आणि वापरा) असेल तर कलाकाराचं नाव, चित्राचं नाव, लिंक आणि लायसन्स, एवढं पुस्तकात छापा, झालं. बदल केला असेल तर तसंही लिहायचं. बाय-एसए असेल तर मी पुढे सरकते, कारण त्यात बदल करून केलेली गोष्ट त्याच लायसन्सखाली द्यावी लागते, मग आपल्या कव्हरचं काय, हा घोळ कोण निस्तरणार. कॉमन्सवर नाही पण फ्लिकरवर एनसी आणि एनडी लिहिलेले फोटो भरपूर दिसतील, त्यातलं एनसी म्हणजे व्यावसायिक वापर नाही, पुस्तक विकताय म्हणजे विषय मिटला. एनडी म्हणजे बदल करायचा नाही, आणि कव्हर करताना आपण कापतो, रंग बदलतो, अक्षरं टाकतो, त्यामुळे तेही सोडून द्या.

पैसेवाल्यांत शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, आयस्टॉक हे मोठे. माणसाचा चेहरा हवा असेल तर मी इथेच जाते, कारण मॉडेल रिलीज (फोटोतल्या माणसाची लेखी संमती) घेतलेला आहे हे पानावर लिहिलेलं असतं. साधं स्टँडर्ड लायसन्स पाच लाख प्रतींपर्यंत छापायला चालतं, म्हणजे आपल्यासारख्यांना पुरून उरतं, एक्स्टेंडेड घ्या म्हणून साइटवर दिसलं तरी नुसत्या कव्हरसाठी गरज नाही. कव्हरच्या चित्राचे कप किंवा टी-शर्ट विकायला काढणार असाल तरच ती भानगड. 'एडिटोरियल यूज ओन्ली' लिहिलेलं असेल तर हात लावू नका, ते बातम्या-लेखांसाठी असतं. आणि एक अट बारीक अक्षरांत असते, मॉडेलला मानसिक आजार, गुन्हा, लैंगिक गोष्टी अशा संदर्भात दाखवायला बंधनं असतात. खुनाच्या कादंबरीवर किंवा नैराश्यावरच्या पुस्तकावर हसरा असो की रडका, चेहरा टाकण्याआधी ते कलम शब्दन्‌शब्द वाचा. मी तर पाठमोरं माणूस किंवा नुसते हात घेते.

खर्चाचं म्हणाल तर एका पुस्तकासाठी महिन्याची वर्गणी अजिबात घेऊ नका, सुटी चित्रं किंवा छोटा पॅक मिळतो तो घ्या. चाचणीचा फुकट महिना घेतलात तर संपायची तारीख कॅलेंडरमध्ये त्याच क्षणी टाका, नाहीतर आपोआप पुढची वर्गणी कापली जाते आणि वर्षाच्या करारावर असाल तर मध्येच सोडायलाही पैसे लागू शकतात. दुसरा तोटा असा की हे चित्र आपल्या एकट्याचं नसतं. खिडकीशी बसलेली एक बाई मी जवळजवळ पक्की केली होती, लेन्सवर टाकली तर तीच बाई, तोच स्वेटर, चार वेगवेगळ्या कादंबऱ्यांवर. म्हणून पहिल्या पानावर लोकप्रिय म्हणून दिसतं ते सोडून दहाव्या-पंधराव्या पानापर्यंत जायचं, आणि दोन-तीन चित्रं एकत्र करून आपलं काहीतरी करायचं.

कुठूनही घ्या पण आधी पिक्सेल मोजा. सहा बाय नऊ इंचाच्या पुस्तकाचं नुसतं पुढचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय २७०० पिक्सेल होतं. चित्र मागून, कण्यावरून, पुढे असं सलग न्यायचं असेल तर अर्धा इंच कणा आणि चहूबाजूंनी ०.१२५ इंच ब्लीड (छापल्यावर कापली जाणारी जादा कड) धरून ३८२५ बाय २७७५ लागतं. ई-बुकला १६०० बाय २५६० पुरतं, स्क्रीनवर झकास दिसणारं चित्र छापल्यावर गढूळ येतं ते यामुळेच.

एआयने केलेल्या चित्रांबद्दल बरेच जण विचारतात. मी वापरत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने २०२३ मध्ये एका कॉमिकच्या बाबतीत सांगितलं की एआयने तयार केलेल्या त्यातल्या चित्रांना कॉपीराइट मिळणार नाही, म्हणजे उद्या कुणी तेच चित्र उचललं तर आपल्या हातात काय राहतं? अॅमेझॉनच्या केडीपीवरही (स्वतः पुस्तक काढायची त्यांची सेवा) त्याच वर्षापासून पुस्तक टाकताना एआयने काय तयार केलंय हे कव्हरसकट सांगावं लागतं.

शेवटी सवयीचं. प्रत्येक पुस्तकाचा एक फोल्डर, त्यात मूळ चित्र, ज्या पानावरून घेतलं त्याची लिंक, लायसन्स दिसेल असा तारखेसकट स्क्रीनशॉट आणि पैसे दिले असतील तर पावती. साइट्स लायसन्स बदलतात, फोटो काढून टाकतात, मग आपण घेतला तेव्हा काय अट होती हे दाखवायला दुसरं काही नसतं. गेल्या महिन्यात तिसरं पुस्तक एका वितरकाकडे दिलं तर त्यांनी कव्हरच्या चित्राचा पुरावा मागितला. मी फोल्डर झिप करून पाठवला, संध्याकाळी पुस्तक लाइव्ह होतं.