ट्रेडमार्क नावाचा घ्यावा की लोगोचा?

उन्हाळा आला की वर्षाची चटणी करून देणारी घरं कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. त्यातलं कुणी पाकिटं छापून विकायला लागलं, की थोड्याच दिवसांत हा प्रश्न येतो. मी दोन्ही अर्ज केलेत, चार वर्षांच्या अंतरानं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), शॉप अ‍ॅक्ट, फूड लायसन्स, जीएसटी यातलं ज्याला जे लागू असेल ते करावंच लागतं. पण यातल्या एकाही कागदानं नावावर हक्क मिळत नाही. ‘जीएसटीवर नाव आलंय, आता कोण काय करतंय,’ असं म्हणणारे मला मार्केट यार्डात कितीतरी भेटलेत.

खर्चावरून हा निर्णय होत नाही, कारण दोन्हीची सरकारी फी सारखीच आहे. स्वतःच्या नावानं ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला, म्हणजे मालाच्या एका गटाला, ४,५०० रुपये. भागीदारी किंवा कंपनी असेल आणि उद्यम किंवा स्टार्टअपचं प्रमाणपत्र नसेल, तर ९,०००. एजंटचे पैसे वेगळे. मसाले वर्ग ३० मध्ये येतात.

लोगोची बाजू कमकुवत नाही. तुमच्या नावात ‘कोल्हापुरी’, ‘अस्सल’, ‘झणझणीत’ असलेच शब्द असतील, तर नुसत्या नावाच्या अर्जावर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ ची हरकत येणार हे धरूनच चाला. गावाचं नाव किंवा मालाचं वर्णन कुणा एकाच्या मालकीचं होत नाही. आपल्या गुळाला २०१४ मध्ये आणि चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही कुणा एका दुकानदाराचं नाही. चपलेचं तर महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांचं आहे. अशा नावाला चित्राची जोड दिली तर अर्ज पुढं सरकायला सोपं जातं. शिवाय खेड्यातली गिऱ्हाइकं पाकीट चित्रावरूनच मागतात, हे मी रोज बघतो. लोगोचा अर्ज काळ्या-पांढऱ्या चित्रावर करावा, म्हणजे संरक्षण सगळ्या रंगांना लागू होतं.

या सगळ्याचा विचार करून मी २०१८ मध्ये लोगोचाच अर्ज केला. लाल गोल, आत मिरची कुटायचा डंक, खाली वळणदार अक्षरांत माझ्या आजीचं नाव. यथावकाश नोंदणी झाली, नावापुढं गोलातला आर छापायला मिळाला. तोवर नुसतं टीएम लावत होतो. नोंदणी होण्याआधी आर छापणं गुन्हा आहे.

मग २०२२ मध्ये साधी पिशवी सोडून उभं राहणारं पाऊच घ्यायचं ठरलं. छपाईवाल्यानं सांगितलं, डंकाच्या बारीक रेषा पाऊचवर भरून येतात, आणि रंग कमी केले तर छपाईच्या सिलिंडरचा खर्च वाचेल. आम्ही गोल काढला, डंक काढला, अक्षरं जाड केली. पाऊच देखणं झालं.

त्याच वर्षी इचलकरंजीच्या एका दुकानात हेच नाव असलेलं दुसऱ्याचं पाकीट हाती आलं. चित्र वेगळं, अक्षरं वेगळी, नाव आजीचं. आम्ही नोटीस पाठवली. उत्तरात आमच्याच नोंदणीची प्रत जोडून विचारलं होतं, की ‘या गोलात आणि डंकात आमच्या पाकिटाशी काय साम्य आहे? आणि तुम्ही स्वतः तरी हा लोगो आता कुठं वापरता?’

दुसऱ्या प्रश्नानं मी गप्प झालो. कोर्टात गेलो असतो, तर नाव हाच लोगोचा ठळक भाग आहे असं म्हणता आलं असतं, आणि तसं मानलंही जातं. पण कलम १७ प्रमाणं हक्क अख्ख्या चिन्हावर असतो, सुट्या भागावर आपोआप नाही. नोंदलेला लोगो बदलायची सोय कलम २२ मध्ये आहे, पण मूळ ओळख फारशी बदलणार नसेल तरच. आमचा तर गोलच गेला होता.

मला निर्णायक वाटलं ते हेच. लहान धंद्यात पाकीट दर चार-पाच वर्षांनी बदलतं. छपाईवाला बदलतो, पोरं मोठी होऊन नवं डिझाइन मागतात. नाव मात्र बदलत नाही. २०१६ पासूनची आमची बिलबुकं साध्या छापील अक्षरांत आहेत, त्यावर गोल नाही, डंक नाही. लोगोच्या अर्जात त्यांचा काही उपयोग नव्हता. म्हणून २०२२ मध्येच नावाचा वेगळा अर्ज केला. त्यात ‘वापर केव्हापासून’ या रकान्यात २०१६ लिहिलं, आणि प्रतिज्ञापत्रासोबत तीच बिलं जोडली. मिळत्याजुळत्या नावावरून हरकत आली तेव्हा मुदतीत, म्हणजे महिन्याच्या आत, उत्तर दिलं. ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर चार महिने कुणी विरोध केला नाही.

नावाच्या नोंदणीत उच्चारही मोजला जातो. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ यांच्यात गिऱ्हाइकाची फसगत होण्याइतकं साम्य मानलं होतं. आपल्याकडं अर्धी विक्री फोनवर आणि तोंडी होते, तिथं चित्र दिसतच नाही.

ऐपत असेल तर दोन्ही करा, त्यात वाईट काही नाही. तुमचं नाव अगदीच वर्णनात्मक असेल तर माझा अनुभव तुम्हाला लागू पडणार नाही, तिथं लोगोच बरा. पण एकाच अर्जाचे पैसे असतील आणि नाव घरचं, वेगळं असेल, तर मी आधी नावाकडं जाईन.

आमच्या लोगोची दहा वर्षं २०२८ मध्ये संपतात. नूतनीकरणाला ऑनलाइन ९,००० रुपये लागतील. ते मी भरणार नाही. लोणची सुरू करायची आहेत, ती वर्ग २९ मध्ये येतात. त्यातले ४,५०० आजीच्या नावाच्या नव्या अर्जाला.